एका तोळ्यामागे किती माती?

माझ्या टेबलावर एक गुंज आहे. लालभडक, टोकाला काळा ठिपका, मसुरीच्या दाण्याहून जराशी मोठी. जुन्या सोनारांच्या तराजूत हिलाच मान होता: आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे ९६ गुंजा मिळून ११.६६ ग्रॅम, आणि एक गुंज सोनं म्हणजे जेमतेम ०.१२ ग्रॅम. गुंज समोर ठेवली आहे कारण पुढचा हिशेब टनांचा आणि कोटींचा आहे. त्यात हरवायला झालं की बोटांत धरायला काहीतरी हवं.

हिशेब आहे वाळवंटातल्या सोन्याचा. पाण्याचा थेंब न वापरता, नुसत्या वाऱ्यावर माती उफणून काढलेल्या सोन्याचा.

१७ सप्टेंबर १८९२ रोजी आर्थर बेली नावाचा माणूस पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्रॉस गावी पोचला आणि त्याने सरकारी अधिकाऱ्यापुढे ५५४ औंस सोनं ठेवलं. आपल्या मापात जवळजवळ १,४७७ तोळे, सव्वासतरा किलो. ते सोनं जिथे सापडलं ती जागा म्हणजे पुढचं कूलगार्डी. नऊ महिन्यांनी, जून १८९३ मध्ये, पॅडी हॅननला तिथून पुढे पूर्वेला सोनं सापडलं आणि कालगुर्ली वसलं. १८९१ च्या जनगणनेत साऱ्या पश्चिम ऑस्ट्रेलियाची वस्ती ५० हजारांच्या आत होती. १९०१ मध्ये ती १ लाख ८४ हजारांवर गेली. दहा वर्षांत पावणेचार पट माणसं, आणि त्यांतली कित्येक अशा मुलखात जिथे नदी नाही, ओढा नाही, तळी आहेत ती खारी.

कालगुर्लीला वर्षभरात सरासरी २६५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे मुंबईवर त्या एका दिवसात जे कोसळलं, ते साठवायला कालगुर्लीला साडेतीन वर्षं लागली असती. त्या दिवशी मुंबईत कमरेएवढ्या पाण्यातून चाललेल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

आता अडचण अशी, की सोनं मातीतून वेगळं करायची जगभरची रीत पाण्याची. परातीत माती आणि पाणी घेऊन घोळायचं, हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. कूलगार्डीत पाणी गॅलनवर विकत मिळायचं, खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवलेलं. ते प्यायला पुरेना, मातीवर कोण ओतणार?

तेव्हा त्या माणसांनी जे केलं ते वाचताना मी थबकलो, कारण ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. पत्र्याच्या दोन पराती. एक जमिनीवर, दुसरी मातीने भरून डोक्याच्या उंचीवर धरलेली. वारा आडवा यायला लागला की वरची परात हळूहळू तिरपी करायची. धूळ वाऱ्याबरोबर निघून जाते, जड ते सरळ खालच्या परातीत. मग पराती बदलायच्या आणि पुन्हा तेच. शेवटी मूठभर उरलं की तोंडाने फुंकर.

आमच्या आजोळी, सोलापूरकडे, खळ्यात वावडीवर उभं राहून ज्वारी अशीच उफणायचे. खालून कुणीतरी पाटी वर द्यायचं, वरचा माणूस वाऱ्याकडे पाहून ती सावकाश रिकामी करायचा. ज्वारी पायाशी, भूस लांब. वारं पडलं की सगळे बसून राहायचे. हीच हाताची लकब, हीच वाऱ्याची वाट पाहणं, ७ हजार किलोमीटरांपलीकडच्या वाळवंटात सोन्यासाठी. कॅलिफोर्नियात १८४८ नंतर मेक्सिकोच्या सोनोरा भागातून आलेले खाणकामगारही कोरड्या जागी कांबळ्यावर माती उडवून सोनं उफणत. या सगळ्यांना एकमेकांकडून शिकायची गरज नव्हती, धान्य उफणायला येतं त्याला हे येतंच.

फक्त प्रमाण पाहा. खळ्यात पाटीतला मोठा भाग ज्वारीच असते. इथे काय असतं?

आपण अर्धा मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा सोन्याचा कण घेऊ. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. या कणाचं वजन भरतं साधारण २.४ मिलिग्रॅम. माझ्या टेबलावरच्या गुंजेएवढं सोनं व्हायला असे पन्नास कण लागतील, तोळ्याला ४,८००. आता तेवढ्याच आकाराचा गारेच्या वाळूचा कण घ्या. गार २.६५ पट जड, म्हणून त्याचं वजन मिलिग्रॅमचा एक तृतीयांश. एक टन अशी वाळू म्हणजे ३०० कोटी कण. आणि मातीत टनामागे अर्धा ग्रॅम सोनं आहे असं धरलं, तर त्या ३०० कोटींत सोन्याचे कण किती? सुमारे २०७.

एका सोन्याच्या कणामागे जवळजवळ दीड कोटी वाळूचे कण. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख होती. मुंबईतून एक माणूस शोधायचा, तोही पत्ता न विचारता, केवळ इतरांपेक्षा तो जड आहे एवढ्या खुणेवर, आणि शोधणारा कोण, तर वारा. मला या विषयातला हाच आकडा सर्वांत विलक्षण वाटतो, कारण तो जमतो. खरोखर जमतो.

कसा जमतो ते यंत्राजवळ जाऊन पाहू. हातातल्या परातींची जागा पुढे ज्या यंत्राने घेतली त्याला अमेरिकेत ड्रायवॉशर म्हणतात, ऑस्ट्रेलियात ड्रायब्लोअर. (हा शब्द तिथे इतका रुळला की एडविन मर्फी या कवीने 'ड्रायब्लोअर' हेच टोपणनाव घेऊन आयुष्यभर लिहिलं.) वर तिरकी चाळणी. फावड्याने टाकलेल्या मातीतले मोठे दगड तिच्यावरून घरंगळून बाहेर पडतात. बारीक माती खालच्या खोक्यातून एका उतरत्या पाटावर येते. या पाटाचा तळ लाकडी नाही, कापडी आहे, आणि त्याच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. कापडाखाली भाता. हाताने दांडा फिरवा, नाहीतर आजच्यासारखी मोटर लावा, भाता थडथड हलतो आणि प्रत्येक ठोक्याला कापडातून हवेचा झोत वर येतो. त्या झोताने माती क्षणभर उचलली जाते, उकळत्या आमटीसारखी. हलकं ते पट्टी ओलांडून खाली निघून जातं. जड ते उचललं जाण्याआधीच बसतं आणि पट्टीच्या मागे अडकून राहतं.

हवेत सोनं आणि गार यांच्या जडपणाचं गुणोत्तर ७.३. पाण्यात हे गुणोत्तर ११ होतं, कारण पाणी दोघांनाही सारखंच उचलून धरतं आणि गारेच्या मुळातच कमी असलेल्या वजनातून मोठा वाटा कापला जातो. म्हणून पाणी चांगलं, वारा दुय्यम. जाडसर कणांच्या बाबतीत याचा अर्थ असा, की एक मिलिमीटरचा सोन्याचा कण हवेत ज्या वेगाने पडतो, त्याच वेगाने सात मिलिमीटरचा गारेचा खडा पडतो. दोघांत फरक करणं वाऱ्याला शक्यच नाही. चाळणी आधी लागते ती यासाठी. आणि कण जसजसे पिठासारखे बारीक होतात तसतसं हे सातचं अंतर आक्रसून तिनाच्याही खाली येतं. म्हणून धुळीएवढं सोनं धुळीबरोबरच जातं. पत्र्यासारखे चपटे कणही हवेवर तरंगतात. माती जराशी दमट असली तर सगळंच बिघडतं: ढेकळं फुटत नाहीत आणि ढेकळाच्या पोटातलं सोनं दगडाबरोबर बाहेर.

आता तोळ्याचा हिशेब पुरा करू. टनामागे अर्धा ग्रॅम, म्हणजे तोळ्याला २३ टनांहून जास्त माती. वर सांगितलेल्या कारणांनी तिसरा हिस्सा हातचा गेला असं धरलं, तर ३५ टन. घमेल्यात १५ किलो माती घ्या: २,३३३ घमेली. दोघांनी मिळून खणून, वाहून, दर दोन मिनिटांना एक घमेलं यंत्रात ओतलं आणि सहा तास न थांबता ओतत राहिले, तर तेरा दिवस. उन्हात, तोंडाला फडकं बांधून, स्वतःच उडवलेल्या धुळीत उभं राहून. आणि गुंजेपुरतं? २४ घमेली. पाऊण तासाचं काम. ही गुंज आता मला पहिल्याइतकी हलकी वाटत नाही.

तरी हा हिशेब निसर्गाने अगोदर खूप सोपा करून ठेवलेला आहे. पृथ्वीच्या कवचात सरासरीने टनामागे ४ मिलिग्रॅमच्या आसपास सोनं आहे. कुठलाही साधा खडक फोडून तोळाभर सोनं काढायचं म्हटलं तर २,९०० टन खडक लागेल, ६० टनी वाघिणींची जवळजवळ पन्नास डब्यांची मालगाडी. त्या मालगाडीतून आपल्या ३५ टनांपर्यंतचं काम लक्षावधी वर्षांत ऊन, वारा आणि कधीमधी येणाऱ्या लोंढ्याने केलं. खडक भुगा झाला, हलकं उडून आणि वाहून गेलं, जड मागे राहिलं. माणसाने परात उचलली ती त्या उफणणीच्या शेवटी. जगात आजवर काढलेलं सारं सोनं मोजलं तर ते २ लाख १६ हजार टनांच्या आसपास भरतं, आणि त्याचा एकच ठोकळा केला तर त्याची बाजू २२ मीटर होते. सातमजली इमारतीएवढा ठोकळा, देवळांच्या कळसांपासून माझ्या आईच्या पाटल्यांपर्यंत सगळं धरून.

पाणी कूलगार्डी-कालगुर्लीला शेवटी आलं. चार्ल्स ओकॉनर या अभियंत्याने पर्थजवळच्या मुंडारिंग धरणापासून साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास नळ टाकला, मुंबईहून गोव्याला जाण्याइतकं अंतर, आठ ठिकाणी पंप बसवून. दिवसाला ५० लाख गॅलन, म्हणजे २ कोटी २७ लाख लिटर. जानेवारी १९०३ मध्ये पाणी पोचलं. ओकॉनर ते पाहायला नव्हते. टीकेच्या भडिमाराने खचून त्यांनी १० मार्च १९०२ ला जीवन संपवलं होतं. या साऱ्या कथेत मला सर्वांत जास्त लागतं ते हे.

तोवर पावसाशी तिथल्या माणसांचं नातं मोठं विचित्र होतं. पाऊस आला की प्यायला पाणी मिळे आणि त्याच दिवशी काम बंद पडे. ओली माती उफणता येत नाही. ती वाळेपर्यंत यंत्रं नुसती उभी.

शेवटचा टप्पा मात्र सगळीकडे सारखाच. पाटाच्या पट्ट्यांमागे जे जमतं ते सोनं नसतं, काळी वाळू असते, लोहाची. टनभर मातीतून उरलेली ओंजळभर. ती ताटलीत पसरायची, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवायचं. काळे कण उठून कागदाला केसांसारखे चिकटतात. कागद सोडवला की गळून पडतात. पुन्हा फिरवायचं. काळं पातळ होत जातं, आणि मग ताटलीच्या एका कडेला पिवळं दिसतं. आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन-गाळून सोन्याची कणी काढत आले, त्यांची नजरही ताटलीच्या त्याच कडेवर असते. त्यांना निदान एवढं माहीत असतं की केरात सोनं आहे. वाळवंटातल्या माणसाला तेही ठाऊक नसे.

१९३१ च्या जानेवारीत, कूलगार्डीच्या दक्षिणेला लार्किनव्हिलला, बापाबरोबर काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या जिम लार्कोम या मुलाच्या कुदळीला १,१३५ औंसांचा गोळा लागला. ३५ किलोंहून जास्त, तीन हजार तोळे. निव्वळ सोनं धरलं तर ते दोन लिटरच्या बाटलीत मावलं असतं. आपल्या हिशेबाने एवढं सोनं उफणायला ३९ हजार दिवस लागले असते, १०७ वर्षं.

त्या मुलखात जुन्या उफणणीचे ढीग अजून आहेत, गुडघाभर उंचीचे, चाळणीवरून घरंगळलेल्या दगडांचे. चाळणीच्या भोकातून मावत नाही ते दगड समजून फेकलं जायचं, आणि मावत नाही त्यात क्वचित सोन्याचा खडाही असायचा, लाल मातीने माखलेला, दगडासारखाच दिसणारा. आज माणसं कानाला हेडफोन लावून, मेटल डिटेक्टर जमिनीलगत फिरवत, त्या ढिगांवरून हळूहळू चालतात.