जुन्या वेगवान मोटारसायकली आणि आजची यंत्रे

१३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर, रॉली फ्री नावाच्या स्वाराने एका ब्रिटिश मोटारसायकलीवर ताशी सुमारे २४२ किलोमीटरचा वेग गाठला. वाऱ्याचा विरोध शक्य तितका कमी व्हावा म्हणून त्याने चामड्याचे संरक्षक कपडे उतरवून ठेवले होते. केवळ पोहण्याची चड्डी घालून तो गाडीवर पालथा पसरला होता आणि त्याचे पाय मागच्या चाकाच्याही मागे लांबवर गेलेले होते. या प्रसंगाचे छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. गाडी इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील व्हिन्सेंट कंपनीची होती. तिचीच जवळची बहीण म्हणावी अशी ‘ब्लॅक शॅडो’ ही गाडी त्याच वर्षी सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. ती ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जात असे. त्या वर्षीच निघालेली मॉरिस मायनर मोटार ताशी शंभर किलोमीटरला दमून जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या वेगाचे अप्रूप कळते.

अशा जुन्या गाड्यांची आजच्या गाड्यांशी तुलना करताना बहुधा पहिला प्रश्न वेगाचाच विचारला जातो. ‘ब्लॅक शॅडो’चे इंजिन ९९८ घनसेंटिमीटरचे होते. २०१९ साली नव्या रूपात आलेल्या बीएमडब्ल्यू एस १००० आरआर या जर्मन गाडीचे इंजिन ९९९ घनसेंटिमीटरचे आहे. आकारमान तेच आणि वजनही जवळपास तेवढेच, म्हणजे दोन्ही गाड्या दोनशे किलोग्रॅमच्या आगेमागे. मात्र व्हिन्सेंटची शक्ती ५५ अश्वशक्ती, तर बीएमडब्ल्यूची २०७. शक्ती जवळजवळ चौपट झाली, पण कमाल वेग चौपट झाला नाही. तो ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे केवळ दीडपट झाला. याचे कारण हवा हे होय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दीडपट करावयाचा तर शक्ती जवळजवळ साडेतीनपट खर्ची पडते. सत्तर वर्षांच्या अभियांत्रिकीचा मोठा वाटा असा वाऱ्यावर गेला, असे म्हटले तर ती निव्वळ कोटी ठरणार नाही.

तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून चौपट शक्ती निघाली कशी? इंजिनाची शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : प्रत्येक स्फोटाचा जोर आणि दर मिनिटाला होणाऱ्या स्फोटांची संख्या. व्हिन्सेंटला दोनच सिलिंडर होते. त्यांतील प्रत्येक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ९० मिलिमीटर वरखाली जाई, आणि इंजिन मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास फेरे घेत असता पूर्ण शक्ती देई. बीएमडब्ल्यूला चार सिलिंडर आहेत. दट्ट्या केवळ ४९.७ मिलिमीटर सरकतो, पण इंजिन मिनिटाला साडेतेरा हजार फेरे घेते. मौजेची गोष्ट अशी की, फेरे अडीचपट झाले तरी दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७ मीटरवरून २२ मीटरपर्यंतच वाढला आहे. धातूला सोसावे लागणारे ताण या वेगाशी निगडित असतात, म्हणून अभियंत्यांनी दट्ट्याचा प्रवास आखूड करून फेरे वाढविले. शिवाय दट्ट्यावर पेटण्यापूर्वी मिश्रण किती दाबले जाते हेही महत्त्वाचे असते. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये १९५३ सालापर्यंत ‘पूल’ या नावाने हलक्या प्रतीचे पेट्रोल मिळे. ते फार दाबले तर अवेळी पेट घेई आणि दट्ट्यावर हातोडा मारल्यासारखा आवाज येई. जुन्या इंजिनांचे दुबळेपण पुष्कळ अंशी त्या काळच्या पेट्रोलचे दुबळेपण होते.

रचनेच्या कल्पना मात्र तेव्हाही काही कमी धीट नव्हत्या. फिलिप व्हिन्सेंट आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन अभियंते फिल आयर्व्हिंग यांनी गाडीची नेहमीची नळ्यांची चौकट जवळजवळ काढूनच टाकली आणि इंजिनालाच गाडीचा कणा केले. आज अनेक नामांकित गाड्यांत हीच पद्धत नवलाईची म्हणून दाखविली जाते. प्रत्येक चाकाला एक याऐवजी दोन ब्रेक, हत्यारावाचून सुटणारी चाके, अशाही सोयी व्हिन्सेंटमध्ये होत्या. कंपनीने १९५५ साली मोटारसायकली बनविणे थांबविले.

पण वेग आणि शक्ती यांच्या आकड्यांत तुलनेचे मर्म नाही. जुन्या आणि नव्या गाडीत खरे अंतर आहे ते थांबण्याचे आणि वळण्याचे.

धावत्या गाडीत साठलेली ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करावे लागते. जुन्या गाड्यांना ड्रम ब्रेक असत. चाकाच्या मध्यभागी असलेल्या बंद डब्यात दोन लायनर फाकतात आणि डब्याच्या आतील बाजूस घासतात. घर्षणाने डबा तापतो. तापला की तो प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. लायनरही अति तापले की त्यांची पकड सुटू लागते. घाटाच्या उतारावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेकची मूठ पूर्ण दाबली तरी गाडी नुसती सरकत राहते, हा अनुभव त्या काळच्या स्वारांना नवा नव्हता. डिस्क ब्रेकमध्ये चकती उघड्या हवेत फिरते आणि तिची उष्णता वारा वाहून नेतो. ती तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. तारेऐवजी तेलाचा दाब वापरल्याने बोटांचा जोर न घटता चाकापर्यंत पोहोचतो. १९६९ साली होंडा सीबी ७५० या गाडीने पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर सामान्य ग्राहकापर्यंत आणला.

याचा प्रत्यक्ष परिणाम साध्या गणिताने पाहता येतो. दोन गाड्या ताशी शंभर किलोमीटरने जात आहेत. चांगले टायर व डिस्क ब्रेक असलेल्या पहिलीचा वेग सेकंदाला ९.६ मीटर या दराने उतरतो असे गृहीत धरू, आणि जुन्या दुसरीचा ६ मीटर या दराने. पहिली गाडी सुमारे ४० मीटरांत थांबते. दुसरीला ६४ मीटर लागतात. फरक चोवीस मीटरांचा दिसतो. पण पहिली गाडी जेथे उभी राहिली, त्या बिंदूपाशी दुसरी अजून ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तेथे एखादी बैलगाडी आडवी असेल तर एका स्वाराचा नुसता थरकाप होईल आणि दुसऱ्याचा जीव जाईल.

त्या दशकात इंजिने ब्रेक आणि चौकटी यांच्या फार पुढे निघून गेली होती. १९६९ सालच्याच कावासाकी एच १ या गाडीत अवघ्या ४९८ घनसेंटिमीटरमधून ६० अश्वशक्ती निघे. सुरुवातीच्या गाड्यांना पुढेही ड्रमच होता. वजन मागे झुकलेले, चौकट लवचिक आणि शक्ती एकदम उसळून येणारी, यामुळे पुढचे चाक हवेत उचलले जाई. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तिला ‘बायकांना विधवा करणारी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. ते अगदीच अतिशयोक्तीचे नव्हते.

वळणावर गाडीला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे तळहाताएवढा रबराचा तुकडा. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तेवढाच असतो. तो सतत टेकलेला ठेवणे हे चौकट, स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचे काम. १९५० साली नॉर्टन कंपनीने मॅककँडलेस बंधूंची नवी चौकट शर्यतीत उतरविली तेव्हा कमी शक्तीच्या इंजिनानेही अधिक शक्तीच्या गाड्यांना वळणावळणावर गाठता येते, हे सर्वांच्या ध्यानात आले. आयल ऑफ मॅन या बेटावरील प्रसिद्ध शर्यत नेहमीच्या रहदारीच्या, दोनशेहून अधिक वळणांच्या रस्त्यावर होते. एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची. १९५७ साली बॉब मॅकिन्टायर यांनी गिलेरा गाडीवर ताशी सरासरी १६२.७ किलोमीटरने फेरी पूर्ण केली, तेव्हा ताशी शंभर मैलांचा उंबरठा प्रथमच ओलांडला गेला. २०२३ साली पीटर हिकमन यांची सरासरी होती ताशी २१९.४ किलोमीटर. विशेष म्हणजे त्यांची गाडी दुकानात मिळणाऱ्या गाडीत थोडेच फेरफार करून शर्यतीस उतरविलेली होती. फेरीचा वेळ साडेबावीस मिनिटांच्या आतून साडेसोळा मिनिटांच्या जरा पुढे आला. मधल्या काळात रस्ताही ठिकठिकाणी सुधारला, हे मात्र विसरता कामा नये.

यानंतरचा टप्पा विद्युत उपकरणांचा. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला की चाक जाम होते, टायर घसरतो आणि गाडी आडवी होते. जाम न होऊ देणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे एबीएसमध्ये, चाकाजवळचा संवेदक चाकाची गती सतत मोजतो. ती एकाएकी घटू लागली की झडप तेलाचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. एका सेकंदात अनेकदा. १९८८ साली बीएमडब्ल्यूने ही यंत्रणा मोटारसायकलीवर आणली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना ती बंधनकारक आहे. जुन्या काळी हेच काम स्वाराच्या दोन बोटांना करावे लागे. काहींना ते उत्तम साधे. ज्यांना साधले नाही, त्यांना चूक सुधारण्याची दुसरी संधी क्वचितच मिळे.

भारतापुरते पाहावयाचे तर राजदूत ३५० चे उदाहरण बोलके आहे. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्स कंपनीने ही गाडी १९८३ साली आणली. दुहेरी सिलिंडरचे ३४७ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे दर फेऱ्याला स्फोट; सहा गिअर; शक्ती सुमारे ३० अश्वशक्ती. तेव्हाच्या बुलेटची शक्ती होती अठराच्या आसपास. पण परदेशी आवृत्तीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि भारतीय गाडीला ड्रम मिळाला. वेग आला, लगाम मात्र समुद्रापलीकडेच राहिला. पेट्रोल पिण्याच्या सवयीमुळे ती फारशी खपली नाही, आणि ते दशक संपता संपता तिचे उत्पादनही संपले. २०१३ पासून पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक ही तिच्याच मापाची गाडी म्हणता येईल. तिच्या पहिल्या आवृत्तीत ३७३ घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन होते. त्याची शक्ती चाळिशीच्या वर होती, धूर नाही, आणि पुढेमागे डिस्क ब्रेक.

जुन्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट निर्विवादपणे सांगता येते. ती दुरुस्त होते. रस्त्याच्या कडेला बसून पॉइंट साफ करणे, कार्ब्युरेटर खोलून फुंकणे, एवढ्यावर ती पुन्हा किक घेते. नव्या गाडीचा संगणक बिघडला तर कुशल कारागीरही हात टेकतो, आणि तीस वर्षांनी तो भाग मिळेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच दिल्ली-बंगलोरपासून पुण्यापर्यंत जुन्या राजदूत आजही जिवापाड जपलेल्या दिसतात. त्यांचे मालक मूळ रंग, मूळ टाकी, मूळ आवाज यांविषयी कमालीचे हट्टी असतात. त्यांतील कित्येकांनी पुढच्या चाकाला मात्र डिस्क ब्रेक बसवून घेतला आहे.