अर्धमॅराथॉन
मॅराथॉन शर्यतीच्या निम्म्या म्हणजे २१·०९७५ किमी. अंतराची, रस्त्यावरून धावण्याची शर्यत. मॅराथॉनचे ४२·१९५ किमी. अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व १९२१ मध्ये ते प्रमाण ठरले. अर्धमॅराथॉनचा ऑलिंपिक सामन्यांत समावेश नाही. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९२ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई (२००४ पासून) व सातारा (२०१२ पासून) येथील वार्षिक शर्यतींमुळे ती हौशी धावपटूंमध्ये विशेष रूढ झाली.

बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे (जन्म १३ सप्टेंबर १९९४) यांनी २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्ली येथे हे अंतर ६० मिनिटे ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. ६१ मिनिटांच्या आत ते पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. ३,००० मी. अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्यपदक व २०२३ मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळविले. बालपणी शाळेसाठी त्यांना रोज सु. ६ किमी. चालत वा धावत जावे लागे. शर्यतींचे शास्त्रशुद्ध शिक्षण सैन्यात गेल्यावर मिळाले. दर किमी.ला सु. २ मिनिटे ५२ सेकंद ही त्यांची गती हौशी धावपटूचे माप नव्हे. हौशी धावपटूला याच अंतरास बहुधा दोन ते अडीच तास लागतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट वा त्याहून अधिक काळ त्याचे शरीर श्रम व उष्णता सोसत असते. त्याच्या तयारीत वेगापेक्षा टिकाव महत्त्वाचा ठरतो.

सरावाने शरीराचे सर्व भाग सारख्याच त्वरेने बळकट होत नाहीत. हृदय व फुप्फुसे यांची क्षमता काही आठवड्यांत वाढते. कंडरा व हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम लागेनासा झाला म्हणून अंतर एकदम वाढविल्यास नडगी, गुडघा व टाच दुखावतात. हौशी धावपटूंच्या बहुतेक दुखापतींचे मूळ या घाईत असते.

अर्धा तास सलग सावकाश धावता येऊ लागल्यावर १२ ते १६ आठवड्यांची तयारी पुरेशी होते. आठवड्यातून तीन-चार दिवस धावावे. त्यांपैकी बहुतेक धावणे शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीचे असावे. वेगाचा सराव एकच दिवस करावा. आठवड्यातील एक लांब धाव ६–७ किमी.पासून क्रमाने १६–१८ किमी.पर्यंत न्यावी व दर चौथ्या आठवड्यास अंतर कमी करावे. पोटऱ्या, मांड्या व कंबर यांचे व्यायाम दोनदा करावेत. शेवटचे दहा ते चौदा दिवस सराव घटविल्याने थकवा निघून जातो.

बीडसारख्या कोरड्या प्रदेशात ऋतुमानाचा विचार आवश्यक असतो. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. त्या काळात पहाटेच धावावे. उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला सु. दोन आठवडे लागतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटा चिकट होतात, त्यामुळे पक्क्या रस्त्याच्या कडेने धावणे सोयीचे पडते. बालाघाटच्या चढ-उतारांवर चढ पायांना बळ देतो, तर वेगाने उतरल्यास गुडघ्यांवर ताण येतो. जानेवारी-फेब्रुवारीतील शर्यतीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरंभ करणे इष्ट ठरते.

धावताना लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंतील ग्लायकोजेनापासून मिळते. ज्वारीची भाकरी, भात यांसारख्या नेहमीच्या आहारातून त्याचा साठा होतो; शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ वा नवे बूट वापरू नयेत. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. अतिरेकाने रक्तातील सोडियम घटून धोका संभवतो. भोवळ, गोंधळलेपणा किंवा छातीत दुखणे जाणवताच थांबावे. चाळिशीपुढील तसेच हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या व्यक्तींनी सरावापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.