दोन मनोरे आणि एक त्रिकोण

भूमितीच्या धास्तीने मी कलाशाखेत आलो. पण इतिहास वाचताना तीच पुन्हा पुढे उभी राहिली!

दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फियाकडे जाणाऱ्या जलमार्गाच्या रक्षणासाठी अमेरिकेने डेलावेअर उपसागराच्या मुखाशी काँक्रीटचे १५ टेहळणी मनोरे बांधले. ११ डेलावेअरच्या किनाऱ्यावर, ४ न्यू जर्सीच्या. एका मनोऱ्यावरून जहाजाची नुसती दिशा कळे, अंतर नव्हे. म्हणून दोन मनोऱ्यांवरील सैनिक एकाच वेळी दुर्बिणीतून कोन मोजून दूरध्वनीने कळवीत. दोहोंमधील अंतर ठाऊक असल्याने त्रिकोण पुरा होई, जहाजाचे ठिकाण सापडे आणि फोर्ट माइल्सच्या तोफा तिकडे रोखता येत.

परंतु शत्रू आला तो पाण्याखालून. २८ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन पाणबुडीने तिथल्याच समुद्रात ‘जेकब जोन्स’ ही अमेरिकन विनाशिका बुडविली. पाण्याखालच्या शत्रूचा कोन मोजायचा कसा? शत्रूच्या जहाजावर त्या तोफा अखेरपर्यंत डागल्या गेल्या नाहीत. मे १९४५ मध्ये शरण आलेली यू-८५८ ही पाणबुडी मात्र तेथेच आणली गेली.

केप मे येथील २३ क्रमांकाचा मनोरा डागडुजीनंतर प्रेक्षकांना खुला झाला आहे. पहाऱ्यात कसूर नव्हती. पण आपण धरून चालतो त्याच वाटेने संकट येते असे नाही, एवढे मला या मनोऱ्यांनी शिकविले.