टिपणाकडून नमुन्याकडे

1931 सालच्या मे महिन्यात सिनसिनाटी येथील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या जाहिरात खात्यातील नील मॅकेल्रॉय या तरुणाने, 'कॅमे' साबणाच्या विक्रीस सर्वस्वी वाहून घेणारी स्वतंत्र माणसे नेमावीत म्हणून वरिष्ठांकडे जे तीन पानी टिपण धाडले, त्यातच आजच्या प्रॉडक्ट मॅनेजर नामक हुद्द्याचे मूळ शोधण्याचा प्रघात आहे. वस्तू स्वतः न घडविता तिच्या यशापयशाचा जिम्मा मात्र शिरावर घेणाऱ्या या माणसाचे साधन पुढेही मुख्यत्वे कागद हेच राहिले; गिऱ्हाइकाची गरज टिपावी, तिचा मसुदा करावा, मंजुरी मिळवावी आणि मग अभियंत्यांच्या दाराशी तिष्ठत बसावे, हा त्याचा शिरस्ता. 2001 साली युटामध्ये जमलेल्या सतरा संगणकतज्ज्ञांनी सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालता प्रोग्राम श्रेष्ठ, असे जाहीर केले खरे. पण दस्तऐवज काही हटले नाहीत.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेही केवळ संशोधनाची पूर्वझलक म्हणून. त्यानंतरचे वर्ष बहुतेक कंपन्यांनी आपल्या जुन्या मालाला संभाषणाची एक खिडकी जोडण्यात घालविले, आणि त्या उद्योगाविषयी फारसे लिहावे असे मला वाटत नाही. खरा पालट त्यानंतरचा. संगणकतज्ज्ञ आंद्रेई कार्पथी यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये ज्या रीतीला 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिले, तिच्यामुळे प्रोग्रामची एक ओळही न लिहिता येणारा मॅनेजर आपली कल्पना बोलून दाखवून संध्याकाळपर्यंत तिचा चालता नमुना बैठकीत मांडू लागला. नमुना स्वस्त झाला. त्यातला कोणता ठेवावा आणि कोणता टाकावा, हा निवाडा मात्र स्वस्त झाला नाही.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच वर्षीच्या एप्रिलमधले आहे. चॅटजीपीटी घडविणाऱ्या ओपनएआय कंपनीने 25 तारखेस आपल्या जीपीटी-4ओ या प्रणालीत जी सुधारणा केली, तिच्यापायी ती प्रणाली दरबारातल्या खुशमस्कऱ्याप्रमाणे प्रश्नकर्त्याच्या वाटेल त्या विचारास मान डोलावू लागली, आणि आठवडा उलटण्याच्या आत कंपनीला ती सुधारणा मागे घ्यावी लागली. पुढे कंपनीने स्वतःच दिलेला खुलासा मला त्या फजितीहूनही महत्त्वाचा वाटतो. वापरकर्त्यांच्या पसंती-नापसंतीच्या खुणांना प्रणालीच्या शिक्षणात नव्याने स्थान मिळाले होते, चाचण्यांचे आकडे अनुकूल होते, थोड्या वापरकर्त्यांवर केलेला प्रयोगही यशस्वी दिसत होता. मात्र हाताळून पाहणाऱ्या काही जाणत्या परीक्षकांनी, हिच्या वागण्यात काहीतरी खटकते, असे कळविले होते. त्या अस्फुट तक्रारीपेक्षा आकड्यांना अधिक वजन दिले गेले. आकडे खोटे नव्हते. स्तुती माणसाला आवडतेच, आणि तेवढेच त्यांनी इमानाने नोंदविले. पण जे आवडते ते द्यावे की न द्यावे, हे ठरविणे त्यांच्या अखत्यारीतले नव्हते, आणि ज्यांच्या अखत्यारीत होते त्यांनी आकड्यांचाच कौल प्रमाण मानला.

यंत्र आले की प्रॉडक्ट मॅनेजरचा हा मध्यस्थ हुद्दा प्रथम जाईल, असे भाकीत या काळात पुष्कळांनी केले. कृत्रिम बुद्धिमत्तेचे तज्ज्ञ अँड्र्यू एन्जी यांचा 2025 मधला अनुभव मात्र निराळा: पूर्वी एका प्रॉडक्ट मॅनेजरमागे चार-सहा अभियंते असत, तेथे त्यांच्या एका गटाने एका अभियंत्यामागे दोन प्रॉडक्ट मॅनेजर मागितले, कारण काय घडवावे हे ठरविण्यातच आता काम अडू लागले होते. तो प्रस्ताव योग्य की अयोग्य हे आपल्याला अद्याप ठरविता आलेले नाही, असेही त्यांनी त्याच वेळी सांगून टाकले.