एकाच घरातल्या बहुरूपी लेकी

फुलपाखरावर एकही ओळ न लिहिलेला कवी शोधूनच काढावा लागेल. रंग, नाजूकपणा, क्षणभंगुर आयुष्य असा सगळा ऐवज आम्हाला तिथं आयता मिळतो. पण फुलपाखराच्या पंखावर हे रंग येतात कुठून आणि आईबापांकडून ते मुलांपर्यंत पोहोचतात कसे, असं कुणी विचारलं की आम्ही कवी गप्प बसतो. आज याच प्रश्नाबद्दल थोडं बोलू या.

फुलपाखराचा पंख चिमटीत धरला की बोटांना रंगीत भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे पंखावरचे बारीक खवले. घराच्या छपरावर कौलं रचावीत तसे ते एकावर एक रचलेले असतात. साधारणपणे एका खवल्याचा रंग एकच असतो. असे हजारो खवले शेजारी शेजारी बसले की ठिपके, पट्टे, किनारी उमटतात. कोणत्या जागी कोणता रंग बसवायचा, याची जुळणी कोषाच्या आत होते. तिच्या सूचना जनुकांमध्ये असतात.

या सूचना किती करामती असू शकतात, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या परसात कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड असेल, तर ‘कॉमन मॉर्मन’ नावाचं फुलपाखरू तिथं अंडी घालायला येतंच. त्याला ‘बहुरूपी’ हे नाव शोभून दिसतं. यातले नर सगळे सारखेच: काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र तीन प्रकारच्या. काही नरासारख्याच दिसतात. काही ‘कॉमन रोझ’ या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या, तर काही ‘क्रिमसन रोझ’सारख्या. आणि या वेगवेगळ्या रूपांच्या माद्या एकाच आईच्या पोटच्या, सख्ख्या बहिणी असू शकतात!

ही सोंगं कशासाठी? रोझ फुलपाखरांच्या अळ्या सापसणीसारख्या विषारी वेलींवर वाढतात आणि ते विष अंगात साठवतात. एखाद्या पाखरानं असं फुलपाखरू एकदा चाखलं, की लाल ठिपक्यांचे काळे पंख ते जन्मभर टाळतं. मॉर्मन स्वतः बिनविषारी, पण विषारी शेजारणीचे कपडे घालून ती जीव वाचवते. हे सोंग ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या रोझचं अंग लाल असतं, नकल करणारीचं काळं. पंख रंगले, अंग रंगवायचं राहून गेलं. मात्र सोंगाड्या फार झाल्या, तर पक्ष्यांना सोंग कळू लागतं. म्हणून सोंग थोड्यांनी घेतलं तरच ते चालतं.

सोंगाची ही युक्ती हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडली. पुढे 1865 मध्ये आल्फ्रेड वॉलेस यांनी दाखवून दिलं, की मॉर्मनची ही वेगवेगळी रूपं म्हणजे वेगळ्या जाती नव्हेत, एकाच जातीच्या माद्या आहेत. मग 1910 च्या दशकात फ्रायर या संशोधकानं तेव्हाच्या सिलोनमध्ये ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या पाळली. मेंडेलनं वाटाण्यात पाहिले तसेच आनुवंशिकतेचे नियम त्याला या सोंगातही दिसले.

पण कोडं सुटलं नव्हतं. सोंगात बदलायच्या गोष्टी अनेक: पांढरा डाग सरकवायचा, लाल ठिपके वाढवायचे, पट्टा पुसायचा. एवढं सगळं एकदम, बिनचूक कसं उतरतं? अर्धी एक, अर्धी दुसरी अशी भेसळ सहसा दिसत नाही. लिव्हरपूलचे डॉ. सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी यावर खूप काम केलं. शेजारी शेजारी घट्ट बांधलेल्या जनुकांचा गट एकत्रच पुढच्या पिढीत जात असावा, असा त्यांचा विचार होता.

त्याचं उत्तर 2014 मध्ये मिळालं. ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ या पुस्तकाचे लेखक कृष्णमेघ कुंटे आणि शिकागोचे मार्कस क्रॉनफोर्स्ट यांच्या चमूनं दाखवून दिलं, की ही सगळी किमया मुख्यतः एकाच जनुकाची आहे. त्याचं नाव ‘डबलसेक्स’. कीटकांचं शरीर नराचं घडावं की मादीचं, हे ठरवण्यात या जनुकाचा मोठा हात असतो. नर-मादीचा भेद राखणाऱ्या या जुन्या कारभाऱ्यानंच रंगकामाचं खातंही सांभाळलं. शिवाय गुणसूत्राचा तेवढा तुकडा उलटा बसलेला आढळला. उलट्या तुकड्याची सुलट्या तुकड्याशी देवघेव होत नाही, म्हणून नक्षीत भेसळ होत नाही. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी कोषातल्या सोंगाड्या मादीच्या पंखात हे जनुक दाबून पाहिलं, तर त्या पंखावर साधी, नरासारखी नक्षी उमटली.

आणखी एक गंमत. सोंगाचं हे जनुक नराकडेही असतं, पण त्याच्या पंखावर ते दिसत नाही. तो ते निमूटपणे लेकींना देतो. साध्या रूपाच्या आईला सोंगाडी लेक होते, ती अशी.

कुणी म्हणेल, फुलपाखरांच्या या चौकशीतून माणसाला काय मिळालं? डॉ. क्लार्क हे पेशानं वैद्य होते, फुलपाखरं हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. फुलपाखरांच्या नक्षीची आनुवंशिकता आणि माणसाच्या आरएच रक्तगटाची आनुवंशिकता यांत त्यांना साम्य दिसलं आणि ते रक्तगटांकडे वळले. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. त्याचा फटका सहसा पुढच्या बाळाला बसतो. पूर्वी अशी कितीतरी बाळं दगावत. 1960 च्या दशकात क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, तसंच अमेरिकेतल्या संशोधकांच्या समांतर प्रयत्नांतून, यावर ‘अँटी-डी’चं इंजेक्शन आलं. आजही निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला पॉझिटिव्ह बाळ झालं, की बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत ते देतात. आपल्या घरात अशी लेक किंवा सून असेल, तर डॉक्टरांना याबद्दल आठवणीनं विचारा.

आणि कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, तर झाडावर लगेच औषध फवारू नका. चार पानं गेली तर गेली. त्या अळीच्या पोटात कोणतं सोंग दडलंय, ते पंख उघडल्यावरच कळणार आहे.