मोठी तार वेशीवर येते तेव्हा

विजेचा व्यापार हा आपल्याकडे इंग्रजी अमदानीतल्या १९१० च्या कायद्यापासून सनदेचा व्यापार राहिला. ज्याच्यापाशी सरकारी परवाना नाही त्याने शेजारच्या चार घरांना तार ओढून द्यावी आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत, हे कायद्यास मंजूर नव्हते. ही अडचण २००३ च्या वीज कायद्यातील एका परंतुकाने दूर केली. राज्य सरकारने ग्रामीण म्हणून अधिसूचित केलेल्या प्रदेशात जो कोणी वीज निर्माण करून वाटील त्यास परवान्याची गरज नाही, सुरक्षिततेचे नियम तेवढे त्याने पाळावेत, असे चौदाव्या कलमात नमूद झाले. आणि दिवसाचे ऊन बॅटरीत साठवून रात्री गावात वाटणाऱ्या, मोठ्या जाळ्याशी कसलाही संबंध नसलेल्या चिमुकल्या वीजजाळ्यांचा मार्ग मोकळा झाला.

या मुभेची कसोटी बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात लागली. सुमारे तीन दशके ज्या गावाने विजेचे तोंड पाहिले नव्हते, तेथे २०१४ साली ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने शंभर किलोवॅटचे सौर जाळे उभे राहिले, रस्त्यांवर दिवे लागले, आणि गावाची कीर्ती दूरवर गेली. परंतु बॅटरीतली वीज ही रांजणातल्या पाण्यासारखी मोजकी; दिवे, पंखा, मोबाइल एवढ्यांना ती पुरते, पण हौसेने कोणी फ्रिज लावला की साऱ्या गावाचा रांजण लवकर कोरडा पडतो. शिवाय सरकारी विजेस अनुदानाचा टेकू, हिला तो नाही, म्हणून ही महाग. लोक हिला 'नकली' म्हणू लागले, 'असली' वीज मागू लागले, आणि ती असली वीज लवकरच खांबांवरून आलीही. पुढे सौरकेंद्र बंद पडले व त्याच्या आवारात गुरे बांधली गेली. गावकऱ्यांस यात बोल लावणे आम्हांस जमत नाही. स्वस्त वीज दारात असताना महाग वीज घेणारा शहरवासी अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

न्यून आहे ते कायद्यात. आत येण्याचे दार त्याने सताड उघडले, पण उद्या मोठी तार आली तर आज घातलेल्या भांडवलाचे काय, या सावकाराच्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. उत्तर प्रदेशाने २०१६ च्या धोरणात ते देऊ पाहिले. अनुदान घेणाऱ्या चालकाने ५० वॅटपर्यंतच्या जोडणीस रोज आठ तास वीज महिना ६० रुपयांत द्यावी, अनुदान न घेणाऱ्याने ग्राहकांशी दर ठरवून घ्यावा. आणि मोठे जाळे येऊन पोहोचल्यास त्याने आपली वीज वितरण कंपनीस विकावी, अथवा परस्परसंमतीच्या किमतीस सारा संसार तिच्या स्वाधीन करावा. ही परस्परसंमती वाघ आणि शेळी यांच्यातली असल्याने तिचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न उरतोच.

कंबोडियाची तऱ्हा निराळी. तेथील जाळी सौर नव्हती. डिझेलवर इंजिन चालवून गावाला वीज विकणारे ते लहान व्यापारी होते. २००१ च्या कायद्यान्वये नेमलेल्या नियामकाने त्यांना हुसकावले नाही, परवान्याखाली आणले, आणि जो तारा व मीटर सुधारील त्यास अधिक मुदतीचा परवाना, अशी लालूच दाखवली. मोठे जाळे पसरत गेले तसतशी अशी अडीचशेहून अधिक जाळी त्याला जोडली गेली, आणि कालपर्यंत स्वतःच्या इंजिनावर वीज विकणारा माणूस ती घाऊक भावाने विकत घेऊन त्याच घरांना किरकोळीने विकू लागला.