फक्कीने आखलेला संगणक

संगणक म्हटला की पडदा, कळफलक आणि इंग्रजी अशा तीन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या तिन्ही बाजूला सारल्या तर मागे जे उरते, त्याला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. आम्ही वाणिज्य शाखेच्या वर्गात त्याची व्याख्या इंग्रजीतून घोकली. वास्तविक आपल्या मराठी शाळेत त्याला एक साधा शब्द कधीचाच आहे : रीत. गणिताच्या वहीत उत्तराआधी जी लिहावी लागे, तीच ही.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी हे गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावरील त्यांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द बनला. म्हणजे हातचा घेऊन बेरीज करणारे दुसरीतले मूल अल्गोरिदमच चालवीत असते. हातचा का घ्यायचा हे त्याला सांगता येत नाही, तरी उत्तर बरोबर येते. यंत्राचेही नेमके असेच आहे.

ही गोष्ट मुलांना यंत्राशिवाय शिकविता येते, हे न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी इयन विटन व माइक फेलोज यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या उपक्रमाचे नाव ‘कंप्यूटर सायन्स अनप्लग्ड’. त्यातला एक खेळ मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात खानापूर तालुक्यातील एका गावी घेतला. तिथल्या शाळेतला एकुलता संगणक कपाटात कुलूपबंद होता आणि संगणक ही इंग्रजी शाळेतल्या मुलांची वस्तू, अशी पोरांची ठाम समजूत होती.

साहित्य म्हणाल तर खो-खोचे मैदान आखायची फक्की आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले सहा आकडे. मैदानाच्या एका टोकाला सहा चौकोन, दुसऱ्या टोकाला सहा चौकोन आणि मध्ये पाच ओळींत मिळून १२ वर्तुळे. प्रत्येक वर्तुळात दोन रेघा येतात व दोन बाहेर पडतात. सहा मुले पत्ते घेऊन निघतात. वर्तुळात पोचले की जोडीदार येईपर्यंत थांबायचे, मग पत्ते ताडून पाहायचे. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. मुले मराठी व कन्नड दोन्ही माध्यमांची, म्हणून नियम दोनदा सांगितला. ‘चिक्कदु एडक्के, दोड्डदु बलक्के.’ पत्ते कसेही वाटा, पलीकडच्या टोकाला सहाही मुले चढत्या क्रमाने उभी राहतात. कोणी कोणाला ‘तू इकडे ये’ म्हटलेले नसते आणि सगळे आकडे एकाच वेळी एकाही मुलाने पाहिलेले नसतात.

पहिल्या फेरीत एक पोरगा जोडीदाराची वाट न पाहता पुढे पळाला आणि सगळा क्रम विसकटला. मला त्यावर व्याख्यान द्यावे लागले नाही. बाकीच्यांनीच त्याचा समाचार घेतला. नंतर मी मुद्दाम दोन पत्त्यांवर एकच आकडा लिहिला. एका वर्तुळात ते दोघे समोरासमोर आले आणि अडून बसले. ‘ताई, आता?’ ‘अक्का, याव कडे?’ नियमात ते लिहिलेच नव्हते! कोणीही कुठेही गेले तरी चालते, हे त्यांचे त्यांनीच ठरविले. मला विचाराल तर रीत पुरती न सांगणे म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले कोणत्याही पुस्तकात समजत नाही.

दुसऱ्या दिवशी आकड्यांऐवजी शब्द लिहिले. मराठी व कन्नड दोन्हींची वर्णमाला क, ख, ग, घ याच क्रमाने चालते, त्यामुळे एकाही वर्तुळात वाद झाला नाही.

पण क्रम लावण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? ते आम्हा हिशेबवाल्यांना विचारावे. समजा, खतावणीत १००० खाती नावांच्या क्रमाने आहेत. एकेक पान उलटत गेलो तर शेवटचे खाते सापडायला हजार पाने लागतील. मधोमध उघडून ‘नाव याच्या आधी की नंतर?’ असे विचारीत दरवेळी निम्मा भाग सोडून दिला, तर फार तर दहा वेळा पाहून काम होते. मुलांशी हे ‘मनातली संख्या ओळखा’ म्हणून खेळावे. १ ते १००० मधली संख्या दहा प्रश्नांत पकडली की ती चाटच पडतात. खाती विस्कळीत असली तर मात्र ही युक्ती मुळीच चालत नाही.

आणखी एक गंमत. सहा मुलांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची तर १५ भेटी होतात. येथे १२ पुरतात. शिवाय एका ओळीतल्या भेटी एकाच वेळी होतात, म्हणून वेळ पाचच पावलांचा. मुले आधीच क्रमाने उभी असली तरी भेटी १२ च होतात, कारण आखणीला डोळे नसतात.

शेवटी एका मुलीने विचारले, सातवा आला तर? तिने व तिच्या मैत्रिणींनी शेजारी आणखी एक रेघ ओढून सहा वर्तुळे वाढविली. १८ वर्तुळांची ती आखणी बिनचूक चालली. १६ वर्तुळांतही सात जणांचे भागते आणि त्याहून कमीत भागत नाही, हे सिद्ध झालेले आहे. ती १६ कुठे काढायची, हे मी तिला सांगितलेले नाही. फक्कीचे पोते शाळेतच ठेवले आहे.